नाडी बघ गं, डॉक्टरीण

रघुअण्णा कोळथरकरांना शेवटपर्यंत काहीही झालं नाही. भरपूर म्हातारे होऊन, पोटभर जेवून, नागपूरला मुलाच्या घरी ते झोपेतच गेले. तिथल्या डॉक्टरने दाखल्यावर कारण लिहिलं, 'वार्धक्य'. मला हे कळलं तेव्हा वाईट तर वाटलंच, पण मनात पहिल्यांदा आलं ते हे की अण्णांनी तो दाखला वाचला असता तर त्या डॉक्टरची काही धडगत नव्हती. हृदय, यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं अशी जन्मभर चौफेर तयारी केलेल्या माणसाला नुसतं 'वार्धक्य'!

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांना लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आणि चाळीत वीज नुकती आली होती. अण्णा ठाण्याला जमिनीच्या उताऱ्यांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. उंचीला दारात वाकावं लागेल एवढे, छाती कपाटासारखी, आवाज असा की ते गॅलरीत 'हरी हरी' म्हणाले की खाली हौदावरच्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करत. आणि हा माणूस भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून, मनगट पुढे करून उभा असे.

"जरा बघ गं नाडी. आज काही खरं दिसत नाही."

नाडी बघायला त्यांना कोणीही चाले. कोपरहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येणारी बायजाबाई होती. एकदा तिच्याही पुढे त्यांनी हात धरला. तिने पाटी न उतरवताच उत्तर दिलं, "आन्ना, तुला काय बी झायला नाय. माजी म्हस तुज्यापरीस जास्त धापते."

अण्णा चार दिवस तिच्याकडून भाजी घ्यायचे बंद झाले. पाचव्या दिवशी माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मुकाट्याने अळूची जुडी घेतली आणि तंटा मिटला. माईंचं सगळं असंच मुकाट्याने असे. अण्णांनी "आता काही मी दिवाळी बघत नाही" म्हटलं की त्या विचारत, "मग चकली करायची की नाही?" अण्णा जरा विचार करून म्हणत, "कर थोडी."

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती मी मराठी शाळेत असताना. त्यांच्या तळव्यात बांबूचं कुसळ गेलं होतं. अण्णा पाय उशीवर ठेवून धनुर्वाताची वाट बघत पडले होते. मी आईची सुई घेतली, कुसळ काढलं आणि चिमटीत धरून त्यांना दाखवलं. ते त्यांनी चष्मा लावून उजेडात धरून पाहिलं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि जाहीर केलं, "मास्तर, तुमची पोरगी डॉक्टर होणार." मास्तर म्हणजे माझे बाबा. ते शाळेत गणित शिकवत. ते म्हणाले, "आधी पाढे पाठ होऊ देत." पण त्या दिवसापासून अण्णांनी मला शालू म्हणून हाक मारली नाही. डॉक्टरीण, किंवा लोकांसमोर डॉक्टरीणबाई.

त्यांच्या दुखण्यांचा उगम वर्तमानपत्रात असे. दिल्लीतल्या कुणा मंत्र्याला मूतखडा झाल्याचं सकाळी छापून आलं, की संध्याकाळी अण्णा कमरेवर हात ठेवून जिना चढत. कुठल्या संस्थानिकाला पॅरिसमध्ये अर्धशिशीचा झटका आला, तर तो पोस्टाने येण्याइतक्या दिवसांनी का होईना, पण डोंबिवलीला पोचे. मात्र यातल्या कुठल्याच दुखण्यासाठी त्यांनी कचेरीतून कधी रजा घेतली नव्हती. माई म्हणत, "घ्या की एखादा दिवस." अण्णा दचकत. "आणि खरं दुखणं आलं म्हणजे? तेव्हा रजा कुठून आणू?"

कल्याणला एक नावाजलेले वैद्य होते. अण्णा मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेले. वैद्यबुवांनी डोळे मिटून बराच वेळ नाडी धरली आणि म्हणाले, "बैलाची प्रकृती आहे. सुखाने घरी जा." अण्णा संतापले. त्या तिरीमिरीत स्टेशनकडे जायचं विसरून कल्याणहून डोंबिवलीपर्यंत तरातरा चालत आले. आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले, माईंनी केलेली थालीपिठं संपवली आणि बाबांना म्हणाले, "मास्तर, त्या वैद्याला नाडीतलं ओ की ठो कळत नाही. पायांत शक्तीच उरलेली नाही माझ्या."

मी इंटर सायन्स झाले त्या उन्हाळ्यात मात्र आमच्याच घराला दुखणं लागलं. माझे मार्क असे होते की मुंबईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नाव लागेलही आणि लागणारही नाही. तिथली फी बाबांच्या पगारात ओढूनताणून बसणारी होती. पण त्यांची यादी लागायला अवकाश होता. त्याच सुमारास माझे ठाण्याचे अप्पाकाका एक बातमी घेऊन आले. अप्पाकाका बाबांचे थोरले भाऊ, ठाण्याच्या कोर्टात वकील. देह भारदस्त, मतं त्याहून. दक्षिणेकडे दुसऱ्या राज्यात एक खाजगी मेडिकल कॉलेज नव्याने निघालं होतं आणि तिथे माझी जागा हमखास होती. फक्त फी भरभक्कम, आणि ती शनिवारपर्यंत भरायची.

"स्वस्तातलं शिक्षण म्हणजे स्वस्तातली चप्पल," अप्पाकाका म्हणाले. "चिखलात गेली की अंगठा तुटलाच. शिवाय यादीचा भरवसा काय? पोरीचं वर्ष जाईल."

"पण एवढे पैसे..." बाबा म्हणाले.

"तो जमिनीचा तुकडा आहे ना तुझा? गिऱ्हाईक मी आणतो."

आमचा तो तुकडा स्टेशनपासून दूर, माळावर होता. बाबांनी तो घर बांधायला घेतला होता आणि घर काही बांधून झालं नव्हतं. आईने तिथे एक शेवगा लावला होता. संध्याकाळी ती कळशी घेऊन तेवढं लांब चालत जाऊन त्याला पाणी घाली आणि स्वयंपाकघर कुठे येईल ते मनाशी ठरवून परत येई. अप्पाकाकांचं बोलणं ऐकून ती म्हणाली, "घर काय, होईल तेव्हा होईल." आणि त्या संध्याकाळी ती माळावर गेली नाही.

मला कोणी काही विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

विचारलं नव्हतं ते अण्णांनाही, पण त्यांचं तसं काही अडत नसे. आमच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकून ते मफलर सावरत आले. "मुंबईला गेली तर रोज रात्री घरी येईल," ते म्हणाले. "दक्षिणेत गेली तर वर्षातून एकदा. मास्तर, मी काय वर्षातून एकदाच आजारी पडू?"

अप्पाकाका म्हणाले, "अण्णा, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या नाही?" अण्णांनी विचारलं. ते खरोखर दुखावले होते.

रविवारी अप्पाकाका त्या कॉलेजच्या प्रतिनिधीलाच घेऊन आले. कोट घातलेले, केसांना सुवासिक तेल लावलेले गृहस्थ. त्यांच्याकडे रंगीत चित्रांचं पुस्तक होतं. इमारत, बाग, टेनिसचं मैदान, प्रयोगशाळा. आई पोहे देता देता थबकून चित्रं बघत होती. अण्णा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते.

"रोगी कुठे आहेत?" त्यांनी मध्येच विचारलं.

"म्हणजे?"

"पुस्तकात रोगी कुठे दिसले नाहीत. इस्पितळ आहे ना?"

"आहे की! नवं कोरं. पण खरं सांगू का," गृहस्थ खुशीत येऊन म्हणाले, "तिथली हवाच अशी आहे की आसपास कोणी आजारीच पडत नाही. खाटा रिकाम्या असतात!"

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "मग ही मुलगी शिकणार कुणावर? हवेवर?"

प्रतिनिधी हसले, अप्पाकाका हसले. बाबा मात्र हसले नाहीत. ते नुसते चष्मा पुसत राहिले. विषय बदलायला अप्पाकाका म्हणाले, "बरं अण्णा, जमिनीच्या विक्रीला उतारा लागेल. तुमच्याच कचेरीतला. गुरुवारी मिळेल ना?"

"मिळेल. माझ्या हातून कधी कुणाचा कागद उशिरा गेलाय?" अण्णा म्हणाले आणि मफलर घट्ट करून निघून गेले.

गुरुवारी सकाळी अण्णा नेहमीसारखे डबा घेऊन निघाले. दुपारी त्यांच्या कचेरीतला शिपाई धापा टाकत चाळीत आला. अण्णांच्या छातीत ठाणे स्टेशनवर कळ आली होती. तिथे ते उतरलेच नाहीत, तसेच गाडीत बसून मुंबईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाऊन दाखल झाले होते. तसा निरोप त्यांनी स्वतःच पाठवला होता.

आईच्या हातातलं ताट पडलं. माई शांत होत्या. "डबा नेलाय का बरोबर?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"डबा आहे. पिशवी पण होती म्हणे. धोतर, पंचा, तांब्या..."

"मग ठीक आहेत," माई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

तेवढ्यात अप्पाकाका ठाण्याहून लालबुंद होऊन आले. ते उतारा आणायला कचेरीत गेले होते. दप्तराच्या कपाटाला कुलूप. किल्ली अण्णांच्या जानव्याला. आणि जानवं अण्णांसह मुंबईला!

"मुद्दाम केलंय!" अप्पाकाका गरजले. "मी आत्ता जातो आणि किल्ली घेऊन येतो. शालू, चल माझ्याबरोबर. तू मागितलीस तर देईल तो."

अशा रीतीने मी ते कॉलेज पहिल्यांदा पाहिलं.

इस्पितळाचा जिना उंच होता. अप्पाकाका दर वळणाशी थांबून अण्णांना शिव्या देत, मग पुढे चढत. वॉर्ड लांबच लांब, खाटांच्या दोन्ही रांगा भरलेल्या, फिनेलचा वास. मधल्या एका खाटेभोवती पांढऱ्या कोटांचा गराडा पडला होता. त्या गराड्यातून ओळखीचा आवाज येत होता.

"तिथे नाही हो, जरा खाली. हां. आता काय ऐकू येतं?"

"नॉर्मल आहे," एक विद्यार्थी म्हणाला.

"घाई करू नका. परत ऐका. दुसऱ्यांना द्या बरं ती नळी."

अण्णा उघड्या अंगाने उशांना टेकून बसले होते. जानवं, त्याला किल्ली, आणि चेहऱ्यावर असं समाधान की लग्नातल्या फोटोतही नसेल. सगळे विद्यार्थी एकामागून एक त्यांची छाती ऐकत होते. त्यांनी कळेचं वर्णन असं काही केलं होतं की रात्रभर तरी देखरेखीखाली ठेवायचंच, असं डॉक्टरांना वाटलं होतं. त्यात नवल नव्हतं. तालीम कित्येक वर्षांची होती.

मी थोडी मागेच राहिले. शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याचा खोकला थांबत नव्हता. त्याच्याजवळ एक मुलगी उभी होती, माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी, साडीवर पांढरा कोट. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला तसा तो ओरडला, "गार आहे गं हात तुझा!" ती म्हणाली, "थांबा हं बाबा," आणि दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा चोळले, गालाला लावून पाहिले, मग परत पाठीवर ठेवले. म्हातारा म्हणाला, "हां, आता बघ." एवढंच झालं. पण मला वाटलं, हे मला येईल. हेच मला करायचंय.

"किल्ली!" जिन्यावर दम खाऊन आलेले अप्पाकाका दाराशी गरजले.

सगळा गराडा वळला. मधोमध टक्कल पडलेले प्रोफेसर उभे होते. त्यांनी अप्पाकाकांच्या लाल तोंडाकडे, कपाळावरच्या फुगलेल्या शिरेकडे आणि भात्यासारख्या चाललेल्या पोटाकडे पाहिलं.

"या गृहस्थांना आधी खाली बसवा," ते विद्यार्थ्यांना म्हणाले.

"मी रोगी नाही! मी वकील आहे!"

"असू द्या. दोन्ही असू शकतं."

चौघांनी मिळून अप्पाकाकांना स्टुलावर बसवलं. दंडाला पट्टा बांधला. प्रोफेसरांनी पारा पाहिला, पुन्हा पाहिला, मग विद्यार्थ्यांना बोलावून दाखवला. सगळे एकदम गंभीर झाले. अण्णा उशीवरून वाकून वाकून पारा दिसतोय का ते बघत होते.

"डोकं दुखतं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"कोर्टात कुणाचं दुखत नाही?" अप्पाकाका म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"यांना आजच ठेवून घ्या. मीठ बंद, बोलणं बंद. खाट?"

"एकही रिकामी नाही, सर," मेट्रन म्हणाली.

प्रोफेसर अण्णांकडे वळले. "कोळथरकर, तुम्हाला काहीही झालेलं नाही. उठा. ती खाट यांना द्या."

मी अण्णांना बऱ्याच प्रसंगांत पाहिलं, पण तेव्हाचा त्यांचा चेहरा विसरणं शक्य नाही. "साहेब," ते कळवळून म्हणाले, "पण मी आधी आलोय हो!"

त्यांची काही डाळ शिजली नाही. सदरा घालून, पंचा-तांब्या पिशवीत भरून ते खाटेशी उभे राहिले. अप्पाकाका त्यांच्याच उबदार जागेवर आडवे झाले होते आणि तोच सगळा गराडा आता त्यांच्यावर वाकला होता. एक विद्यार्थी हळूच दुसऱ्याला म्हणाला, "काय क्लासिक केस आहे!" अण्णांनी तोंड फिरवलं. घरी येताना वाटेत ते एकदाच बोलले. "जन्मभर मी झिजलो, डॉक्टरीण," ते म्हणाले, "आणि शेवटी याला बघ!"

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. जानव्याची किल्ली सोडून त्यांनी बाबांसमोर पाटावर ठेवली.

"मास्तर, कळ खरी होती," ते म्हणाले. "तुम्ही मानू नका, पण होती. उद्या सकाळी कचेरीत जातो आणि पहिला कागद तुमचा काढतो. एवढंच सांगायला आलो की तिथे रोगी खूप आहेत. सगळे चांगले, भरपूर आजारी."

बाबांनी किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच विचारलं, "शालू, तू बघून आलीस ना? तुला काय वाटतं?"

"मला तिथेच जायचंय," मी म्हटलं. "यादीत नाव नाही आलं तर वर्षभर शिकवण्या करीन आणि परत परीक्षेला बसेन. पण जमीन विकू नका."

आई आतून म्हणाली, "वर्ष काय, निघून जातं." बाबांनी किल्ली उचलून अण्णांच्या हातात दिली. शनिवार आला आणि गेला.

त्यानंतर यादी लागेपर्यंतचे दिवस मोठे वाईट गेले. हमखास मिळालेली जागा सोडून आम्ही अधांतरी बसलो होतो. अप्पाकाकू ठाण्याहून येऊन बोलून गेल्या. बाबा रात्री अंथरुणात उठून बसत. मला वाटे, आपण फार शहाणपणा केला. आणि एक दिवस माई आईला हळूच म्हणाल्या, "वहिनी, यांचं काहीतरी बिनसलंय. जेवत नाहीत. झोपत नाहीत. आणि कुणाला नाडीसुद्धा दाखवत नाहीत." आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना खरंच बरं वाटत नव्हतं आणि ते कुणालाही सांगत नव्हते.

यादी बघायला तेच गेले. बाबांची हिंमत होईना आणि मला कोणी जाऊ देईना. संध्याकाळ उलटली तरी अण्णांचा पत्ता नाही. मग गल्लीच्या तोंडाशी ते दिसले. मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत येत होते. अण्णा जिना चढून आले, दारात उभे राहिले.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"नाव. यादीत अगदी खाली, पण आहे. आडनावात एक अक्षर चुकवलं होतं गाढवांनी. मी तिथेच कारकुनाला गाठून दुरुस्त करायला लावलं. आधी ऐकेना. मग मी त्याला कचेरीच्या कामाची रीत समजावून सांगितली. म्हणून उशीर झाला." ते भिंतीला टेकले. "मला जरा पाणी द्या. पाय दुखतायत माझे."

बाबा हसत होते की रडत होते ते चष्म्यामुळे कळलं नाही.

पुढची सगळी वर्षं मी अण्णांवर शिकले. रविवारी सकाळी ते सदरा काढून चटईवर तयार असत. यकृत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे मी त्यांच्या पोटावर बोटांनी वाजवून पाठ केलं. कचेरीत ते सांगत, "माझं यकृत आमच्या डॉक्टरणीला तोंडपाठ आहे." निरोगी हृदय कसं वाजतं ते मी त्यांच्याकडूनच शिकले, पुढे जी जी हृदयं बिघडलेली ऐकली ती त्या ठोक्यांशी ताडून पाहिली. पण मी "सगळं छान आहे, अण्णा," म्हटलं की ते समजूतदारपणे मान हलवत. "तुम्हाला अजून पुढच्या वर्षाला असेल ते."

अप्पाकाका बरे झाले. मीठ सुटलं, आवाज उतरला, आणि ते मुंबईच्या त्या कॉलेजचे भक्त बनले. ठाण्याला कुणाला साधं पडसं झालं तरी ते त्याला तिथेच जायला सांगत. अण्णा त्यांच्याशी पुढे कधी मोकळेपणाने बोलले नाहीत. खाट त्यांच्या मनातून गेली नाही.

डॉक्टर झाल्यावर माझी पहिली नेमणूक दूर, घाटावरच्या एका सरकारी दवाखान्यात झाली. निघायच्या सकाळी चाळीसमोर टांगा उभा होता. अण्णा आदल्या दिवसापासून अंथरूण धरून होते. हृदयाला हे सोसायचं नाही, म्हणाले. मी आत जाऊन पाया पडले. त्यांनी भिंतीकडे तोंड करून हात हलवला. मी माईंचा निरोप घेतला, आईला डोळे पुसू दिले आणि टांग्यात बसले.

टांगा रस्त्याला लागला आणि टांगेवाला म्हणाला, "ताई, मागून कोण वरडतो बगा."

मी वळून पाहिलं. अण्णा धावत येत होते. मफलर मागे उडत होता, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, छातीशी लोणच्याची बरणी. टांगेवाल्याने लगाम ओढेपर्यंत ते घोड्याच्या बरोबरीला आले होते, आणि थांबता न आल्यामुळे तसेच चार पावलं पुढे गेले.

"हिने दिलंय!" परत येऊन बरणी माझ्या मांडीवर ठेवत ते म्हणाले. "आंब्याचं. तिकडच्या जेवणाला चव नसते. आणि रोग्यांचं नीट ऐकून घेत जा. पहिल्यांदा काही नाही म्हणालं म्हणून सोडून देऊ नकोस. आणि पाणी उकळून पी."

ते हे सगळं एका दमात बोलले. दम लागलेलाच नव्हता. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तसं त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने छातीवर हात ठेवला, इकडे तिकडे पाहिलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर जपून बसले.

"जा गं तू," ते क्षीण आवाजात म्हणाले. "गाडी चुकेल. माझी काळजी करू नकोस."

वळण येईपर्यंत मी मागे बघत होते. अण्णा त्या दगडावर बसले होते, आणि रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी माणसाला थांबवून त्याच्यापुढे त्यांनी मनगट धरलं होतं.